शिरगणतीचं शास्त्र शास्त्रज्ञांनाही लावा

आल्फ्रेड लोटका हे नाव परिसरशास्त्र शिकायला लागलं की लगेच भेटतं. शिकारी प्राणी आणि त्यांचं भक्ष्य यांची संख्या एकमेकांच्या मागोमाग कशी चढते-उतरते हे सांगणारी समीकरणं लोटका आणि इटालियन गणितज्ञ व्हीटो व्होल्टेरा यांच्या जोडनावानं ओळखली जातात. लोटका नोकरीला होते न्यूयॉर्कच्या एका विमा कंपनीत, काम संख्याशास्त्राचं. 1942 मध्ये ते अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनचे अध्यक्षही झाले. याच लोटकांनी 1926 मध्ये एक वेगळीच शिरगणती प्रसिद्ध केली. रसायनशास्त्रातल्या शोधनिबंधांच्या एका मोठ्या सूचीतून त्यांनी ए आणि बी या अक्षरांनी सुरू होणारी 6,891 नावं घेतली आणि 1907 ते 1916 या काळात कोणी किती निबंध लिहिले ते मोजलं. साधारण 58 टक्के संशोधकांच्या नावावर एकेकच निबंध निघाला. दोन निबंधवाले एकवाल्यांच्या साधारण पाव, तीनवाले नवव्या हिश्श्याच्या आसपास, असं ते प्रमाण झपाट्यानं घसरत गेलं. मूठभरांच्या नावावर मात्र निबंधांचा ढीग.

पुढे 1943 मध्ये रोनाल्ड फिशर, अलेक्झांडर कॉर्बेट आणि सी. बी. विल्यम्स यांचा एक निबंध आला. फिशर संख्याशास्त्रातले दिग्गज, विल्यम्स कीटकशास्त्रज्ञ आणि कॉर्बेट मलायातल्या फुलपाखरांचे अभ्यासक. कॉर्बेट यांच्या संग्रहात 620 प्रजाती होत्या. त्यातल्या 118 प्रजातींचं एकेकच फुलपाखरू हाती लागलं होतं, 74 प्रजातींची दोन-दोन, 44 प्रजातींची तीन-तीन, 24 प्रजातींची चार-चार. थोड्या प्रजाती सर्रास दिसणाऱ्या आणि पुष्कळशा विरळा. फिशर यांनी या उताराला एक गणिती श्रेणी बसवून दिली. लगेच पुढच्या वर्षी, 1944 मध्ये, विल्यम्स यांनी तीच श्रेणी जीवशास्त्रज्ञांनी लिहिलेल्या निबंधांच्या संख्येला लावून दाखवली. फुलपाखरं आणि फुलपाखरांवर लिहिणारी माणसं एकाच गणितात बसत होती.

हे सगळं आठवण्याचं कारण असं. संशोधकांच्या कामाची मोजदाद परिसरशास्त्र आणि संख्याशास्त्र यांच्या बांधावर फार लवकर सुरू झाली, आणि ती करणारी माणसं मोजणीतले खाचखळगे पुरते ओळखून होती. आज याच दोन शास्त्रांत काम करणाऱ्या एखाद्या संशोधकाचं मोल ठरवायची वेळ आली, की निवड समितीसमोर ठेवले जातात दोन-तीन आकडे: निबंध किती, सायटेशन (म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांत दिलेले त्यांचे संदर्भ) किती, एच-इंडेक्स किती. ते आकडे कसे गोळा झाले, त्यात काय सुटलं, त्यांत चूक किती असू शकते, हे कोणी विचारत नाही. दिसलेली संख्या आणि असलेली संख्या वेगळी असते, हा या दोन्ही शास्त्रांचा पहिला धडा आहे. तो या शास्त्रांतल्या माणसांच्या बाबतीतच गुंडाळून ठेवला जातो. सायटेशन मोजूच नयेत असं मी म्हणत नाही. मोजा, पण जंगलातला वाघ जितक्या काळजीनं मोजता, तितक्या काळजीनं मोजा.

वाघाचंच उदाहरण घेऊ. भारतात बरीच वर्षं पंजांच्या ठशांवरून वाघ मोजले जात. जंगलातल्या प्रत्येक वाघाचा ठसा सापडतो आणि प्रत्येक ठशावरून वाघ ओळखता येतो, असं त्यात गृहीत धरलेलं असे. उल्हास कारंथ आणि जेम्स निकोल्स यांनी 1998 मध्ये नागरहोळे, कान्हा, काझीरंगा आणि पेंच इथल्या कामावर आधारित निबंध प्रसिद्ध केला, त्यात हे गृहीतकच सोडून दिलेलं होतं. कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघाचा फोटो येतो, अंगावरच्या पट्ट्यांवरून तो नेमका कोणता ते कळतं. समजा पहिल्या फेरीत 20 वाघ टिपले गेले. दुसऱ्या फेरीत 15 टिपले गेले आणि त्यातले 10 आधीचेच निघाले. म्हणजे आपल्याला प्रत्यक्षात 25 वेगवेगळे वाघ दिसले. पण दुसऱ्या फेरीतल्या 15 पैकी 10 ओळखीचे, याचा अर्थ पहिल्या फेरीनं एकूण वाघांपैकी साधारण दोन तृतीयांशच टिपले होते. तेव्हा जंगलात असावेत सुमारे 30. न दिसलेल्या पाच वाघांबद्दल काहीतरी ठामपणे सांगता येणं हीच या पद्धतीची कमाई. प्रत्यक्ष वापरातली मॉडेल्स याहून पुष्कळ गुंतागुंतीची असतात आणि उत्तर नेहमी एका पट्ट्यात देतात, इतक्यापासून इतक्यापर्यंत. नुसता एक आकडा देणाऱ्या सर्वेक्षणाला आज कोणतंही चांगलं जर्नल उभं करत नाही.

आता हीच नजर सायटेशनकडे वळवा. एखाद्या कामाचा प्रभाव ही दडलेली गोष्ट आहे आणि सायटेशन ही तिची कधीमधी होणारी नोंद. नोंद होण्याची शक्यता सगळीकडे सारखी नसते. सायटेशन टिपणारे आपले कॅमेरे मुख्यतः तीन: वेब ऑफ सायन्स, स्कोपस आणि गूगल स्कॉलर. तिघांत एकाच माणसाचे तीन वेगळे आकडे निघतात. गूगल स्कॉलर प्रबंध, अहवाल, पुस्तकं असं बरंच काही धरतं, म्हणून तिथला आकडा बहुधा सर्वात मोठा. बाकीचे दोघे निवडक जर्नलं धरतात. वनखात्याचा व्यवस्थापन आराखडा, मत्स्यव्यवसायाची कोटा ठरवणारी बैठक, स्थानिक भाषेतली मार्गदर्शिका, यांत एखादी पद्धत रोज वापरली जात असेल तरी तिथे बहुतेक वेळा कॅमेराच लावलेला नसतो. परिसरशास्त्रात काम करणाऱ्याच्या प्रभावाचा मोठा भाग नेमका तिथेच असतो. निवड समितीला मिळणाऱ्या कागदावर मात्र एकच आकडा छापलेला असतो, कुठल्या कॅमेऱ्यातून आला हेसुद्धा न लिहिता.

यूजीन गारफील्ड यांनी 1955 मध्ये सायटेशनच्या सूचीची कल्पना मांडली, तेव्हा तिचा हेतू माणसं तोलण्याचा नव्हता. जुन्या निबंधावर नंतर कोणी टीका केली, कोणी तो पुढे नेला, हे वाचणाऱ्याला शोधता यावं म्हणून ती होती. चुकीच्या निष्कर्षाचा आधार कोणी डोळे झाकून घेऊ नये, ही त्यामागची कळकळ. साठच्या दशकात ती सूची प्रत्यक्षात आली, जर्नलं निवडायला म्हणून इम्पॅक्ट फॅक्टर (एखाद्या जर्नलातल्या निबंधांना सरासरी किती सायटेशन मिळतात ते माप) आला, आणि हळूहळू जर्नलाचा गुण त्यात लिहिणाऱ्या माणसाच्या माथी चिकटवला जाऊ लागला. 2005 मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं एच-इंडेक्स सुचवला: ज्याच्या एच इतक्या निबंधांना प्रत्येकी किमान एच सायटेशन आहेत, त्याचा इंडेक्स एच. लक्षात ठेवायला सोपा, काढायला सोपा, म्हणून तो वाऱ्यासारखा पसरला.

या इंडेक्सकडे संख्याशास्त्राच्या चष्म्यातून बघितलं तर पंचाईत होते. समजा एका संशोधकाचे पाच निबंध आहेत आणि त्यांची सायटेशन 5,000, 40, 12, 6 आणि 5. दुसऱ्याचेही पाच, प्रत्येकी पाच सायटेशनचे. दोघांचाही एच-इंडेक्स पाचच. पहिल्यानं एक अख्खं क्षेत्र हलवलं असेल, पण इंडेक्सला त्याचा पत्ता नाही. दुसऱ्या टोकाला, अमेरिकी गणितज्ञ अलेक्झांडर याँग यांनी 2014 मध्ये दाखवून दिलं की बहुतेक संशोधकांचा एच-इंडेक्स एकूण सायटेशनच्या वर्गमुळाला 0.54 नं गुणलं की जवळपास निघतोच. 2,500 सायटेशन असतील तर 27 च्या आसपास, 10,000 असतील तर 54 च्या आसपास. म्हणजे एरवीच्या माणसाबद्दल हा इंडेक्स नवीन काही सांगत नाही आणि वेगळ्या माणसाबद्दल चुकीचं सांगतो. स्वतः हिर्श यांनी 2020 मध्ये लिहिलं, की हे माप सपशेल फसू शकतं आणि त्याचे गंभीर, अनपेक्षित दुष्परिणाम होऊ शकतात. माप सुचवणाराच असं म्हणत असताना आपण भरतीच्या जाहिरातीत 'किमान एच-इंडेक्स अमुक' ही अट कोणत्या आधारावर घालतो?

कोणत्याही एका क्षेत्राच्या आत हे प्रश्न आहेतच. दोन क्षेत्रांत पाय ठेवणाऱ्याच्या वाट्याला ते दुपटीनं येतात. सैद्धांतिक संख्याशास्त्रातल्या निबंधाला छापून यायला बराच काळ लागतो. लेखक एक, दोन, फार तर तीन, बऱ्याचदा वर्णानुक्रमे. संदर्भांची यादी आटोपशीर. परिसरशास्त्रात संदर्भांच्या याद्या लांब, काम करणारे जास्त, आणि जगभरच्या वनस्पतींच्या गुणधर्मांसारखी सामायिक माहिती गोळा करणाऱ्या निबंधांना शेकडो लेखक. तिथे पहिलं नाव मुख्य काम करणाऱ्याचं आणि शेवटचं बहुधा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. एकाच माणसाचे दहा निबंध या बाजूचे आणि दहा त्या बाजूचे असतील, तर त्यांची बेरीज कशाची झाली? फुलपाखरं आणि देवमासे यांची बेरीज करून 'प्राणी किती' असं सांगण्याइतकाच तिला अर्थ.

जॉन आयोआनिडिस आणि सहकाऱ्यांनी 2019 पासून जगभरातल्या संशोधकांच्या सायटेशनचा एक मोठा तक्ता खुला केला. 'जगातले अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञ' म्हणून ज्याच्या बातम्या दरवर्षी येतात, तो हाच. त्याची बाजू मांडायलाच हवी: स्वतःचीच सायटेशन वगळून आकडे कसे दिसतात हे ते वेगळं दाखवतात, लेखकाचं नाव कितवं आहे ते विचारात घेतात आणि 22 मुख्य क्षेत्रं व पावणेदोनशेच्या आसपास उपक्षेत्रं मानून तुलना करतात. नुसत्या एच-इंडेक्सपेक्षा हे कितीतरी बरं. पण माणसाचा क्रमांक लागतो तो त्याचे सर्वाधिक निबंध ज्या एका उपक्षेत्रात आहेत, तिथे. अर्धा जन्म संख्याशास्त्रात आणि अर्धा परिसरशास्त्रात घालवलेला माणूस दोन-चार निबंधांच्या फरकानं या किंवा त्या रकान्यात पडतो आणि त्याच्या त्याच कामाला वेगळाच क्रमांक मिळतो. नाव पहिलं की शेवटचं याला गुण देताना वर्णानुक्रमे नावं लिहिणाऱ्यांच्या बाबतीत आडनावाचं पहिलं अक्षर मोजलं जातं, हेही आहेच.

ॲन चाओ यांची गोष्ट मला या सगळ्यात सर्वात बोलकी वाटते. तैवानच्या या संख्याशास्त्रज्ञ. 1984 मध्ये त्यांनी एका स्कँडिनेव्हियन संख्याशास्त्रीय जर्नलमध्ये छोटासा निबंध लिहिला. प्रश्न असा: एखाद्या समूहात एकूण प्रकार किती आहेत, त्यातले काही आपल्याला दिसलेच नसतील तर? त्यांनी दिलेलं उत्तर पाठ होण्याइतकं सुटसुटीत आहे. एकदाच दिसलेल्या प्रकारांच्या संख्येचा वर्ग करा, दोनदा दिसलेल्या प्रकारांच्या संख्येच्या दुपटीनं भागा, येईल ते दिसलेल्यात मिळवा. किमान तेवढे तरी असतील. कॉर्बेट यांची फुलपाखरं घेऊन करून बघा. 118 चा वर्ग 13,924, त्याला 148 नं भागलं की 94. म्हणजे 620 च्या जागी किमान 714 प्रजाती. विरळा प्रजातींचं दिसणंच न दिसलेल्यांची खबर देतं, हे त्यामागचं मर्म.

हा निबंध परिसरशास्त्रज्ञांपर्यंत पोचायला दहा वर्षं गेली. 1994 मध्ये रॉबर्ट कोलवेल आणि जोनाथन कॉडिंग्टन यांनी जैवविविधता मोजण्याच्या पद्धतींचा आढावा घेतला, या सूत्राला 'चाओ-1' हे नाव दिलं, आणि कोलवेल यांच्या मोफत सॉफ्टवेअरमधून ते जगभरच्या क्षेत्रीय संशोधकांच्या हाती पडलं. आज जंगलातल्या मुंग्यांपासून आतड्यातल्या जिवाणूंपर्यंत सगळीकडे ते वापरलं जातं. आता विचार करा, 1990 च्या सुमारास एखाद्या समितीनं त्या निबंधाची सायटेशन मोजली असती तर? संख्याशास्त्राच्या अधिवासात तो एक बरा, मर्यादित रस असलेला निबंध ठरला असता. ज्या अधिवासात तो फोफावणार होता, तिथे अजून बी पडलंच नव्हतं. पाच वर्षांच्या खिडकीतून बघणाऱ्या कोणत्याही मापाला हे काम दिसलं नसतं, आणि दोन शास्त्रांना जोडणारं काम नेमकं असंच उशिरा रुजतं. कार्ल पिअर्सन यांचा 1901 चा निबंध, ज्यातून पुष्कळ मोजमापांचं सार थोडक्या आकड्यांत काढणारं आजचं 'प्रिन्सिपल कंपोनंट ॲनॅलिसिस' आलं, तो तर सायटेशनच्या हिशेबात शंभर वर्षं झोपून होता. या शतकाच्या सुरुवातीला तो जागा झाला.

उलट टोकाचं, सायटेशनचा पूर आलेल्या निबंधाचं, उदाहरणही बघायला हवं. त्यासाठी आधी घरट्यांकडे जाऊ. एकाच घरट्यातली पिल्लं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. आईबाप एक, खाणं एक, ऊनपाऊस एक. दहा घरट्यांतली पन्नास पिल्लं मोजून 'माझ्याकडे पन्नास नमुने आहेत' असं म्हणणारा स्वतःला फसवतो. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये या चुकीचं नाव ठेवलं 'स्यूडोरेप्लिकेशन', म्हणजे पुनरावृत्तीचा आभास. त्यांनी 176 प्रायोगिक अभ्यास तपासले. ज्यांत संख्याशास्त्रीय चाचण्या वापरल्या होत्या, त्यांपैकी जवळपास निम्म्या अभ्यासांत ही चूक होती. अशी घरट्याघरट्यांत बांधलेली माहिती नीट हाताळायची तर गटागटांतला फरक वेगळा काढणारी मिश्र प्रारूपं लागतात, आणि ती चालवणारं 'एलएमई-4' नावाचं पॅकेज, म्हणजे तयार सॉफ्टवेअर, डग्लस बेट्स, मार्टिन मेख्लर, बेन बोल्कर आणि स्टीव्ह वॉकर यांच्या नावावर आहे. त्यात मुरलेले संख्याशास्त्रज्ञ आहेत, तसाच गणित आणि जीवशास्त्र अशा दोन्ही विभागांत काम करणारा बोल्कर यांच्यासारखा माणूसही. पॅकेजची ओळख करून देणारा त्यांचा 2015 चा निबंध एका मोफत ऑनलाइन जर्नलमध्ये आला आणि या शतकातल्या सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या निबंधांत जाऊन बसला. मानसशास्त्र, भाषाशास्त्र, वैद्यक, सगळीकडून सायटेशन आली.

या आकड्याचं काय करायचं? पॅकेज तर निबंधाच्या आधी दहाहून अधिक वर्षं लोक वापरत होते. तेवढ्या काळातल्या उपयोगाची नोंद विस्कळित झाली, पुष्कळदा झालीच नाही. निबंध आला आणि सायटेशन टाकायला एक जागा मिळाली, तेव्हा आकडा उसळला. काम तेच, कॅमेरा उशिरा बसला. आणि निबंध म्हणजे काही ते काम नव्हे. खरं काम म्हणजे वर्षानुवर्षं चुका दुरुस्त करणं, नव्या संगणकांवर पॅकेज चालतं ठेवणं, कुठल्याशा अनोळखी विद्यार्थ्याच्या प्रश्नाला रात्री उत्तर देणं. हे काम थांबलं तर उद्या हजारो अभ्यास अडतील, तरी त्याला निवड समितीच्या तक्त्यात रकाना नाही. ज्या संशोधकांनी तितक्याच उपयोगाचं पॅकेज लिहिलं पण त्याच्यावर निबंध लिहिला नाही, त्यांचा तर मागमूसच लागत नाही.

हर्लबर्ट यांनी दाखवलेली चूक सायटेशनमध्येही जशीच्या तशी भेटते. मिखाईल सिम्किन आणि व्वानी रॉयचौधुरी यांनी 2003 मध्ये एक हुशार युक्ती केली. संदर्भ लिहिताना पान क्रमांकात किंवा खंड क्रमांकात झालेली चूक पुढच्या निबंधांत जशीच्या तशी किती वेळा उतरते, ते त्यांनी तपासलं. मूळ निबंध उघडून बघणाऱ्याकडून तीच चूक सहसा होणार नाही. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला, की सायटेशन देणाऱ्यांपैकी साधारण 20 टक्केच लोक मूळ निबंध वाचतात. या अंदाजाबद्दल वाद घालता येईल, पण बाकीच्यांच्या सायटेशन एकाच घरट्यातल्या पिल्लांसारख्या आहेत हे नाकारता येत नाही. एका प्रयोगशाळेत एका मार्गदर्शकानं लावलेली संदर्भांची यादी दहा विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत जाते, तेव्हा तक्त्यात दहा सायटेशन वाढतात. स्वतंत्र निर्णय एकच होता. ज्या शास्त्रानं ही चूक पकडायला जगाला शिकवलं, त्याच शास्त्रातल्या नेमणुका या चुकीवर व्हाव्यात याचं मला खरोखर वाईट वाटतं.

काही कामं तर इतकी मुरतात की त्यांचं सायटेशन द्यायची कोणाला गरजच वाटत नाही. सी. आर. राव यांनी 1945 मध्ये कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये लिहिलेला निबंध घ्या. वय अवघं पंचविशीच्या आतबाहेर. अंदाज जास्तीत जास्त किती नेमका असू शकतो हे सांगणारी क्रामर-राव असमानता आणि तो सुधारायचा कसा हे सांगणारं राव-ब्लॅकवेल प्रमेय यांची मुळं त्या एका निबंधात आहेत, आणि माहितीकडे भूमितीच्या नजरेनं बघण्याची सुरुवातही. आज कुठलंही पाठ्यपुस्तक ती प्रमेयं देतं, कुठलाही संख्याशास्त्रज्ञ ती वापरतो, पण तळटीपेत 1945 चा निबंध क्वचितच दिसतो. याच राव यांनी 1982 मध्ये विविधतेचं एक माप सुचवलं. कोणती प्रजाती किती प्रमाणात आहे याबरोबर प्रजाती एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत हेही त्यात धरलं जातं. परिसरशास्त्रज्ञांनी ते खऱ्या अर्थानं उचललं नव्या शतकात, आणि आता सजीवांच्या कार्यात्मक विविधतेच्या अभ्यासात ते रोजच्या वापरातलं हत्यार आहे. 2023 मध्ये, वयाच्या 102 व्या वर्षी, राव यांना आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाचा पसारा सायटेशनच्या कोणत्याही आकड्यात मावत नाही. मुरलेल्या कामाचं दिसणं कमी होतं आणि प्रभाव वाढत जातो. नुसती मोजणी इथे उलट्या दिशेला बोट दाखवते.

याला एक वजनदार उत्तर आहे आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. आकडे नकोत म्हणणाऱ्यांना विचारलं जातं: मग काय हवं? मोठ्या प्राध्यापकाचा फोन? ओळखीपाळखी? छोट्या संस्थेतून आलेल्या, पाठीशी कोणी नसलेल्या उमेदवाराला आकडाच तारतो. त्याचं नाव कोणी ऐकलेलं नसतं, पण त्याच्या निबंधाला शंभर अनोळखी लोकांनी सायटेशन दिलेलं असतं, आणि ते कोणाला पुसून टाकता येत नाही. हे खरं आहे. वशिल्याचा मार्ग बंद करायला आकड्यांनी मदत केली आहे आणि ती मी नाकारणार नाही. पण वशिला आकड्यांतही शिरतो. एकमेकांना सायटेशन देणाऱ्या टोळ्या असतात, आपली सायटेशन घाला म्हणून लेखकाला सुचवणारे परीक्षक असतात, काहीही न करता लेखकांच्या यादीत जाऊन बसणारे विभागप्रमुख असतात. पाठीशी कोणी नसलेल्या उमेदवाराला या तिन्हींपैकी काहीच उपलब्ध नसतं. म्हणून त्याच्या भल्यासाठीच आकडा जबाबदारीनं वापरायला हवा.

जबाबदारीनं म्हणजे कसा, हे सुचवायला नवं काही शोधावं लागत नाही. 2013 मध्ये जाहीर झालेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यानं जर्नलाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणूस तोलू नका, असं सांगितलं. 2015 च्या लायडन जाहीरनाम्यात दहा तत्त्वं मांडली आहेत आणि क्षेत्राक्षेत्रांतला फरक विचारात घ्या, खोटी अचूकता टाळा, ही दोन आपल्या प्रश्नाला थेट लागू होतात. 2022 मध्ये युरोपात अनेक संस्थांनी मिळून मूल्यमापन बदलण्याचा करार केला. सह्या झाल्या आहेत. तरी अर्जाचे नमुने बहुतेक ठिकाणी जुनेच आहेत, कारण जाहीरनाम्यावर सही कुलगुरू करतात आणि अर्जाचा नमुना कार्यालयातून निघतो.

मला अर्जाच्या नमुन्याबद्दलच बोलायचं आहे. एकूण सायटेशन आणि एच-इंडेक्स हे दोन रकाने काढून टाकावेत. त्यांच्या जागी उमेदवारानं स्वतः निवडलेली पाच कामं मागावीत, आणि 'काम' म्हणजे निबंध असलाच पाहिजे असं नाही. पॅकेज चालेल, खुली केलेली वीस वर्षांची निरीक्षणं चालतील, एखाद्या अभयारण्यात प्रत्यक्ष वापरली जाणारी मोजणीची पद्धत चालेल. प्रत्येक कामापुढे त्याच वर्षाच्या, त्याच उपक्षेत्रातल्या कामांशी तुलना करून सायटेशन कुठे बसतात ते लिहावं, कोणत्या सूचीतून आकडा घेतला ते लिहावं, आणि तीन सूचींत तीन आकडे असतील तर तिन्ही लिहावेत. तो पट्टाच आकड्याच्या पक्केपणाबद्दल बरंच सांगून जाईल. दोन क्षेत्रांत काम करणाऱ्याचा अर्ज दोन्ही क्षेत्रांतल्या एकेका माणसानं वाचायला हवा. संख्याशास्त्रज्ञाला परिसरशास्त्रातला निबंध उथळ वाटतो आणि परिसरशास्त्रज्ञाला संख्याशास्त्रातला निबंध कोरडा वाटतो, हे मी पुरेसं बघितलं आहे. या दोघांना एका टेबलाशी बसवल्याखेरीज ही दरी बुजत नाही. पाच कामं खरोखर वाचायला वेळ लागतो, ही तक्रार मी समजू शकतो. पण नेमणूक तीस वर्षांची असते, तिच्यासाठी एक आठवडा वाचायला काय हरकत आहे?

जिथे माहिती अपुरी आहे तिथे तसं सांगण्याचीही तयारी हवी. क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी सर्वाधिक सायटेशन असलेल्या संशोधकांची यादी काढते. 2023 च्या यादीतून तिनं गणित हा विभागच वगळला. गणितात निबंध आणि सायटेशन मुळातच कमी असतात, त्यामुळे थोड्याशा फुगवट्यानंही क्रमवारी उलटीपालटी होते आणि कोण खरं, कोण फुगवलेलं, हे आकड्यांवरून ओळखता येत नाही, हे त्यामागचं कारण. आकडे विकणाऱ्या कंपनीला 'इथे आमचं माप चालत नाही' असं म्हणता येतं, तर ते विकत घेणाऱ्या विद्यापीठांनाही म्हणता यायला हवं. सैद्धांतिक संख्याशास्त्र गणिताला अगदी लागून आहे. तिथल्या तरुण संशोधकाच्या पहिल्या चार-पाच वर्षांतल्या सायटेशनवरून जवळपास काहीच ठरवता येत नाही, हे समितीच्या इतिवृत्तात स्पष्ट नोंदवावं आणि मग त्याची कामं वाचायला घ्यावीत.

एक गोष्ट मात्र समित्यांवर अवलंबून नाही. 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत विश्लेषण करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, की 'सायटेशन' ही आज्ञा देऊन कंसात पॅकेजचं नाव लिहिलं की त्याचा संदर्भ कसा द्यायचा ते पडद्यावर येतं. निबंधाच्या पद्धती-विभागात 'विश्लेषण आर मध्ये केलं' एवढ्यावर थांबणारे आपणच असतो. वापरलेलं प्रत्येक पॅकेज, त्याची आवृत्ती, ज्यांची निरीक्षणं घेतली त्यांच्या माहितीसंचाचा क्रमांक आणि सूत्राचा मूळ निबंध, तोही उघडून वाचून, हे सगळं संदर्भयादीत आलं पाहिजे. परीक्षक म्हणून निबंध हाती आला की हे मागायचा अधिकारही आपलाच आहे. जर्नलांनी शब्दमर्यादेतून संदर्भयादी वगळली तर पॅकेजांच्या नावांवर पहिली कात्री चालणार नाही. पुढच्या वेळी परीक्षणाचा अहवाल लिहिताना संपादकांकडे हे लेखी मागा.